द्रोणागिरीच्या पायथ्याचें तेल

उरणच्या द्रोणागिरीवर जो कोणी एकदां तरी चढला आहे, त्याला तेथून दिसणारा देखावा सहसा विसरतां येत नाहीं. एकीकडे मुंबईचें बंदर व त्यांत नांगरलेलीं जहाजें, दुसरीकडे करंज्याची खाडी व तिच्या पलीकडे रेवस. आणि अगदीं पायाशीं, जेथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं, तेथें तेल व नैसर्गिक वायु महामंडळाच्या कारखान्याच्या टाक्या, नळांचें जाळें आणि रात्रीं दूरवरून ओळखूं येणारी ती ज्योत. मारुति द्रोणागिरि घेऊन लंकेस जात असतां त्याचा एक तुकडा येथें पडला, अशी ह्या बाजूची जुनी समजूत आहे. संजीवनी कोणती हें न ओळखल्यामुळें त्यानें सबंध पर्वतच उचलला, ही कथा आमच्या लहान वर्गांतील मुलांनाहि ठाऊक असते.

गेल्या कांहीं वर्षांत पेट्रोल, डिझेल व स्वयंपाकाचा गॅस ह्यांच्या किंमती जसजशा चढल्या, तसतसा मुलांच्या निबंधांत, वक्तृत्वाच्या चढाओढींत आणि वर्तमानपत्रांत ‘तेलाला पर्याय कोणता?’ हा प्रश्न वारंवार येऊं लागला. तो ज्या सुरांत विचारला जातो तो सूर ऐकला म्हणजे आम्हांस मारुतीचीच आठवण होते. कोठें तरी एक वनस्पति आहे, ती हातीं लागली कीं मूर्च्छित लक्ष्मण उठून बसेल, असा कांहींसा भाव त्यांत असतो. त्या वनस्पतीचा शोध आम्ही येथें करणार नाहीं. डोंगराच्या पायथ्याशीं राहणाऱ्या माणसांना तेलानें काय दिलें, आणि तेल सोडावयाचें झाल्यास तें कोणीं आधीं सोडावें, एवढाच प्रश्न आम्ही हातीं घेतों.

हें तेल येथें आलें कसें, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. 1973 च्या आक्टोबरांत पश्चिम आशियांत युद्ध पेटलें, आणि पुढील तीन-चार महिन्यांत खनिज तेलाचा भाव पिंपास सुमारें 3 डॉलरांवरून 12 डॉलरांच्या जवळ जाऊन पोहोंचला. आपल्या देशांत त्या वेळीं लागणाऱ्या तेलाचा मोठा भाग बाहेरूनच येत असे. पेट्रोलची दरवाढ झाली तेव्हां नोव्हेंबर 1973 मध्यें अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडींत बसून संसदेंत आले होते. (द्रोणागिरीच्या उत्तरेस शिवडीहून येणारा जो 21.8 किलोमीटरांचा सागरी सेतु उतरतो, त्यास आज त्यांचेंच नांव आहे. आणि त्या सेतूवर बैलगाडीस मज्जाव आहे. असो.) अशा त्या अडचणीच्या दिवसांत, 1974 च्या फेब्रुवारींत, ‘सागर सम्राट’ नामक वेधन-जहाजानें मुंबईच्या पश्चिमेस सुमारें 160 किलोमीटरांवर भर समुद्रांत तेल शोधून काढलें. 1976 च्या मे महिन्यांत तेथून उत्पादन सुरू झालें, आणि पुढें समुद्राच्या तळावरून नळ घालून तें तेल व तो वायु उरणास आणण्यांत आला. येथून वायूचे नळ ट्रॉम्बे व अलिबागजवळील थळ येथील खतांच्या कारखान्यांस गेले; बोकडवीऱ्यास त्याच वायूवर चालणारें 672 मेगावॅटांचें वीजकेंद्र उभें राहिलें. देशावर आलेल्या संकटाच्या वेळीं ह्या किनाऱ्यानें केलेलें हें साह्य लहान नव्हे, आणि त्याचा अभिमान ह्या भागांतील मुलांनीं अवश्य बाळगावा.

परंतु ह्या सर्वांस जमीन लागली. ती भाताची व मिठागरांची होती. तेलाच्या मागोमाग नवी मुंबई आली, बंदर आलें, आणि त्यांसाठींहि जमीन गेली. 1984 च्या जानेवारींत, 16 व 17 तारखेस, जासईच्या परिसरांत दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं जें आंदोलन केलें, त्यांत गोळीबारांत पांच जण हुतात्मे झाले. तो लढा नव्या शहरासाठीं होणाऱ्या भूसंपादनाविषयीं होता, तेलाच्या कारखान्याविषयीं नव्हता, हें आम्ही स्पष्ट करतों. परंतु नव्या युगाची इमारत ज्याच्या जमिनीवर चढते त्यास त्या इमारतींत जागा कोठें, हा जो प्रश्न त्या वेळीं विचारला गेला, तो तेलाच्या बाबतींतहि विचारण्यासारखा आहे. धोकाहि शेजाऱ्यासच असतो. 3 सप्टेंबर 2019 रोजीं सकाळीं ह्याच कारखान्यांत आग लागून चार जणांचे प्राण गेले. त्या दिवशीं आसपासच्या गांवांतून जी धांवपळ झाली ती येथील मंडळी विसरलीं नाहींत.

एवढें तेल अंगणांतून वाहत असतां अंगणांतल्या माणसास तें स्वस्त मिळत असेल, असें परक्यास वाटणें स्वाभाविक आहे. तसें मुळींच नाहीं. येथील समुद्रांतून निघणाऱ्या तेलाची किंमतहि जगाच्या बाजारांतील भावावरूनच ठरते, आणि देशांत खपणाऱ्या तेलाच्या शंभर भागांपैकीं 85 हून अधिक भाग परदेशांतून येतो. म्हणून 2022 च्या फेब्रुवारींत युक्रेनांत तोफा सुरू झाल्या कीं त्यांचा आवाज करंज्याच्या धक्क्यावर हिशेबाच्या वहींत ऐकूं येतो. बरें, भाव उतरला म्हणजे तरी लाभ व्हावा! एप्रिल 2020 मध्यें, सर्व जग घरांत कोंडलेलें असतां, अमेरिकेच्या वायदेबाजारांत तेलाचा भाव एक दिवस शून्याच्याहि खालीं गेला. आणि पुढच्याच महिन्यांत आपल्याकडे पेट्रोलवरील कर लिटरमागें 10 रुपयांनीं व डिझेलवरील 13 रुपयांनीं वाढविण्यांत आला. चढलेला भाव ग्राहकानें सोसावा आणि उतरलेला भाव तिजोरीनें घ्यावा, असा हा व्यवहार झाला. तिजोरीसहि खर्च असतात, रस्ते व रुग्णालयें त्यांतूनच होतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या कराचा भार मोटारींत बसणाऱ्यावर आणि मासे आणणाऱ्यावर सारखाच पडतो, तो कर न्याय्य आहे असें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. 2021 च्या मे अखेरीस मुंबईंत पेट्रोलनें लिटरास 100 रुपयांची मर्यादा ओलांडली. 2022 च्या जुलईंत घरगुती गॅसचा सिलिंडर 1,052 रुपयांवर गेला. भरलेल्या सिलिंडरांच्या गाड्या ज्या रस्त्यानें उरणांतून बाहेर पडतात, त्याच रस्त्याच्या कडेला कांहीं घरांच्या परसांत चूल पुन्हां पेटलेली त्या पावसाळ्यांत आम्हीं पाहिली.

पण ह्या महागाईचें खरें स्वरूप पाहावयाचें तर करंज्यासच गेलें पाहिजे. तेथील कोळी बांधवांच्या यांत्रिक बोटी एकेका फेरीस कित्येक दिवस समुद्रांत राहतात. फेरीच्या खर्चांत डिझेल पहिलें, मग बर्फ, मग खलाशांचा शिधा व जाळ्यांची दुरुस्ती. पुष्कळ बोटींवर खलाशास ठराविक पगाराऐवजीं वांटा असतो, आणि तेल-बर्फाचा खर्च वजा जाऊन जें उरेल त्याचाच तो वांटा. म्हणजे डिझेल चढलें कीं नाखव्याबरोबर खलाशाचेंहि ताट आकसतें. 1 जून ते 31 जुलई मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत मिळकत कांहीं नाहीं, बोट मात्र शाकारून ठेवावी लागते. डिझेलवरील विक्रीकराचा परतावा सरकार मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत देतें, ही गोष्ट चांगली आहे. परंतु परतावा हा परतावाच असतो, पैसे आधीं गांठचे घालावे लागतात, आणि ते परत केव्हां येतील हें सांगणें ज्योतिषासहि कठीण. त्यांत मार्च 2022 मध्यें घाऊक ग्राहकांसाठीं डिझेलचा भाव मुंबईंत एकदम लिटरास 122 रुपयांवर नेण्यांत आला. त्याच दिवशीं रस्त्यावरील पंपावर तो 94 रुपये होता. मच्छीमार संस्थांचे पंप घाऊक ग्राहकांत मोडत! ज्या संस्था गरिबांनीं एकत्र येऊन स्वस्त मिळावें म्हणून काढल्या, त्यांनाच एकत्र आल्याबद्दल महाग पडूं लागलें. सहकाराचे धडे पाठ्यपुस्तकांतून शिकविणाऱ्या आम्हां शिक्षकांस ह्या व्यवहाराचा अर्थ मुलांस समजावून सांगतां आला नाहीं.

करंज्याचे एक नाखवा, ज्यांचा मुलगा आमच्या शाळेंत आहे, एका मोसमाच्या अखेरीस शाळेंत आले होते. मुलाची फी थोडी लांबणीवर टाकावी, एवढेंच त्यांचें म्हणणें. पण बोलणें ओघानेंच डिझेलवर गेलें. आम्ही पडलों पुस्तकी माणसें. आम्हीं त्यांस सहज विचारलें कीं, तुमचे आजोबा-पणजोबा शिडावर जात, वारा अजूनहि आहेच, मग शीड पुन्हां कां लावूं नये? ते रागावले नाहींत, हंसले. म्हणाले, “गुरुजी, वारा फुकट आहे, पण बर्फ वाऱ्याची वाट पाहात नाहीं.” मग त्यांनीं आम्हांस नीट समजावून दिलें. पूर्वीं मासळी किनाऱ्याजवळ मिळे. सकाळीं गेलेली होडी सांजेस परत येई, आणि जें ताजें खपत नसे तें सुकवीत किंवा खारवीत. आतां मासळीनें किनारा सोडला आहे. तिच्यामागें दूर जावें लागतें. बर्फांत भरलेला माल घेऊन परत येतांना दोन दिवस वारा पडला, तर धक्क्यास लागेपर्यंत बर्फाचें पाणी व मासळीची घाण होते, आणि व्यापारी तोंड फिरवितो. जाळें ओढावयासहि यंत्रच लागतें. विजेवर चालणाऱ्या बोटीविषयीं त्यांनीं कोठें तरी ऐकलें होतें. दहा दिवसांची वीज बोटींत भरली तर बर्फ कोठें ठेवावा, आणि ती अर्ध्या वाटेंत संपली तर ओढून आणावयास येणार कोण, हे त्यांचे दोन प्रश्न. तेलास पर्याय सुचविणाऱ्या प्रत्येक विद्वानास हे दोन प्रश्न विचारून पाहावे, असें आम्हांस त्या दिवसापासून वाटतें.

पर्यायांचा उत्साह आपल्या देशास नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां पाठीमागें शेगडीसारखी भट्टी बसवून लोणारी कोळशाच्या वायूवर मोटारी चालविल्या गेल्या. चढावर उतारूंनीं उतरून गाडी ढकलावी, अशा त्या काळच्या आठवणी म्हातारीं माणसें सांगत. युद्ध संपलें, पेट्रोल आलें, भट्ट्या भंगारांत गेल्या. त्याहून बोधप्रद कथा मोगली एरंडाची आहे. 2003 मध्यें नियोजन मंडळाच्या एका समितीनें ह्या झाडाच्या बियांपासून डिझेल करण्याची मोठी योजना मांडली. पडीक जमिनींत, पाण्यावांचून, हें झाड वाढेल व देशास तेल पुरवील, अशी आशा होती. 2009 च्या धोरणांत तर 2017 पर्यंत शंभरांत वीस भाग जैव इंधन मिसळावें असें ठरलें. झाड पडीक जमिनींत जगलें खरें, पण बी धरण्यास त्यालाहि पाणी व खतच पाहिजे होतें. 2017 सालीं वीस भागांची गोष्ट कोणी काढीनासें झालें. संजीवनी म्हणून आणलेली वनस्पति साधें एरंडच निघालें, असें म्हणण्याचा मोह होतो; परंतु झाडाचा त्यांत दोष नाहीं. आमच्या कोंकणांत उंडीच्या व करंजाच्या तेलानें पिढ्यान् पिढ्या दिवे जळत होते. पण तें तेल पणतीपुरतें होतें, इंजिनापुरतें नव्हतें.

इथेनॉलाचें प्रकरण अधिक यशस्वी झालें. 2022 मध्यें पेट्रोलांत शेंकडा 10 व 2025 मध्यें शेंकडा 20 इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गांठला गेला. त्यामुळें परकी चलन वांचतें, साखर कारखान्यांस आधार मिळतो. पण महाराष्ट्रांत ऊंस थोड्या जमिनीवर उभा राहून सिंचनाचें फार मोठें पाणी पितो, हें कोणास ठाऊक नाहीं? पाऊस ओढ घेतो तेव्हां ह्या पर्यायाचा घसाहि कोरडा पडतो. डिसेंबर 2023 मध्यें उंसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारासच बंधन घालावें लागलें. शिवाय डिझेलच्या बोटीस त्याचा उपयोग शून्य.

ह्यावरून पर्याय नाहींत असा निष्कर्ष कोणी काढील तर ती चूक होईल. पर्याय आहेत; पण ज्याचें काम ठराविक, अंतर ठराविक आणि परत येण्याची वेळ ठराविक, त्याच्यासाठीं ते आहेत. उरण तालुक्यांतीलच उदाहरण घ्या. घारापुरीच्या बेटावर फेब्रुवारी 2018 पर्यंत दररोज संध्याकाळीं कांहीं तास डिझेलचें जनित्र चाले आणि मग अंधार. समुद्राच्या तळावरून सुमारें साडेसात किलोमीटरांची केबल गेली आणि तें जनित्र थांबलें. केरळांत वैकम येथें जानेवारी 2017 पासून ‘आदित्य’ नांवाची 75 उतारूंची होडी सूर्यप्रकाशावर फेऱ्या करीत आहे. आमच्या मोऱ्याहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यास जाणाऱ्या लाँची तर तासाभराच्या आंत पोहोंचतात, आणि त्यांना बर्फहि न्यावयाचा नसतो! त्या अजून डिझेलवर कां चालाव्या, ह्याचें समाधानकारक कारण आम्हांस दिसत नाहीं. पावसाळ्यांतील लाटांचा प्रश्न आहे, हें मान्य. पण वैकमची होडी पहिल्या दिवशीं कोणास शक्य वाटली होती?

स्वयंपाकघराचेंहि तसेंच आहे. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहांत 1897 च्या सुमारास मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर दिवे लावीत. म्हणजे ही विद्या आमच्या बंदराच्या पलीकडच्या तीरावर सव्वाशें वर्षांपूर्वीं आलेली आहे. त्याच तीरावर ट्रॉम्बे येथें भाभा अणुसंशोधन केंद्रांत डॉ. शरद काळे ह्यांनीं ओल्या कचऱ्यापासून वायु करण्याचें ‘निसर्गऋण’ हें तंत्र सिद्ध केलें, पुण्यास डॉ. आनंद कर्वे ह्यांच्या संस्थेनें घरगुती खरकट्यावर चालणारें लहान संयंत्र तयार केलें. उरणच्या मासळीबाजारांत व भाजीबाजारांत रोज जें फेंकलें जातें त्याची दुर्गंधि आम्हां सर्वांच्या परिचयाची आहे. त्यांतून निदान एका शाळेची भोजनशाळा चालावी, अशी अपेक्षा करणें अतिशयोक्त होणार नाहीं.

विजेविषयीं मात्र एक सांगणें प्राप्त आहे. वीज ही आकाशांतून पडणारी वस्तु नव्हे. महाराष्ट्रांतील बरीच वीज कोळसा जाळूनच होते, आणि आमच्या शेजारचें बोकडवीऱ्याचें केंद्र वायूच्या तुटवड्यामुळें गेलीं कित्येक वर्षें आपल्या शक्तीपेक्षां पुष्कळच कमी चालत आलें आहे. समुद्रांतला वायूहि अक्षय नाहीं, ह्याची ही घरची खूण समजावी. तरीहि हजार माणसांनीं हजार इंजिनें पेटविण्यापेक्षां एका विजेच्या गाडींत हजारांनीं बसणें केव्हांहि काटकसरीचें. 12 जानेवारी 2024 रोजीं एकाच दिवशीं येथें दोन उद्घाटनें झालीं: एक त्या सागरी सेतूचें आणि दुसरें उरणपर्यंतच्या लोकल गाडीचें. सेतूचीं छायाचित्रें सर्वत्र झळकलीं. गाडीचें कौतुक तितकें झालें नाहीं. आमच्या मतें तें अधिक व्हावयास पाहिजे होतें, आणि तिच्या फेऱ्याहि अधिक व्हावयास पाहिजेत.

तेव्हां आमचें म्हणणें असें कीं, तेल सोडण्याचा क्रम उलटा लागला आहे. ज्यांस तें सहज सोडतां येईल ते किंमत परवडते म्हणून जाळीत राहतात, आणि ज्यांस सोडतां येत नाहीं ते किंमत परवडत नाहीं म्हणून धक्क्यावर बोटी बांधून बसतात. भाववाढ हा काटकसर शिकविणारा उत्तम शिक्षक आहे असें अर्थशास्त्रज्ञ म्हणतात; परंतु हा शिक्षक वर्गांतील सर्वांत दुबळ्या मुलालाच छडी मारतो. लाँच, बस, कचेरीची मोटार, बाजारास जाणारी दुचाकी ह्यांनीं प्रथम वीज घ्यावी. खोल समुद्रांतील बोटीची पाळी शेवटीं यावी. तोंवर मच्छीमार संस्थेच्या पंपावरील डिझेल रस्त्यावरील पंपापेक्षां एक पैसाहि महाग नसावें, आणि कराचा परतावा त्याच मोसमांत, बोटी शाकारण्यापूर्वीं, हातीं पडावा. ह्यासाठीं नव्या शोधाची गरज नाहीं. सरकारी कचेरींतील एका सहीची आहे.

आमच्या शाळेपुरतें म्हणाल तर गेल्या दिवाळीच्या सुट्टींत सायकलींसाठीं पत्र्याचें छप्पर घातलें. त्यापायीं शिक्षकांच्या स्कूटरांची जागा निम्म्यानें कमी झाली, आणि त्याबद्दल शिक्षकांच्या खोलींत अद्याप कुरकुर चालू आहे. ते नाखवा नारळी पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या फेरीहून आल्यावर स्वतः येऊन फी भरून गेले. पहिल्या फेरींत डिझेलचे पैसेहि सुटले नव्हते, असें त्यांनीं जातां जातां सांगितलें.